देवयुद्धांचे कथाकार: जे. आर. आर. टोल्किन

थोर इंग्रजी साहित्यिक व निष्ठावंत कॅथोलिक प्रापंचिक जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी आजच्या दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या ग्रंथामुळे ते जगभर परिचित झाले. परंतु तरुणपणापासून अखेरपर्यंत त्यांनी जपली ती दुसरीच कथा: सृष्टीच्या आरंभीच्या दैवी शक्ती व अंधाराचा अधिपती यांच्यातील युद्धांची.

टोल्किन चार वर्षांचे असताना पितृछत्र हरपले. १९०० साली त्यांच्या आई मेबल यांनी कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली. त्यामुळे संतापलेल्या नातलगांनी आर्थिक मदत थांबवली. गरिबी सोसत त्यांनी दोन्ही मुलांना श्रद्धेत वाढवले. १९०४ साली मधुमेहाने त्यांचे निधन झाले. तेव्हा इन्सुलिनचा शोध लागला नव्हता. टोल्किन यांनी आईला सदैव श्रद्धेसाठी प्राण वेचणारी साक्षीदार मानले. पुढे बर्मिंगहॅम ऑरेटरीचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी पालक म्हणून या पोरक्या मुलांचा सांभाळ केला.

१९१६ साली एडिथ ब्रॅट यांच्याशी विवाह झाल्यावर काही महिन्यांतच टोल्किन सॉमच्या रणांगणावर गेले. त्याच वर्षी त्यांचे दोन जिवलग मित्र युद्धात मारले गेले. खंदकज्वराने आजारी होऊन ते मायदेशी परतले आणि त्या आजारपणाच्या काळात त्यांनी आपल्या पुराणकथा लिहावयास घेतल्या.

या कथांत सृष्टिकर्ता एकच आहे. त्याने निर्माण केलेले दिव्य आत्मे त्याच्यासमोर गायन करतात. त्यांतील सर्वांत सामर्थ्यवान मेल्कोर अहंकाराने त्या सुरांत विसंवाद आणतो; सृष्टिकर्ता तो विसंवादही अधिक गहन संगीतात सामावून घेतो. पुढे मेल्कोर व वालार नावाच्या शक्ती यांच्यात युद्धे पेटतात. पर्वत कोसळतात, भूमी दुभंगते. मेल्कोर विध्वंस करू शकतो, विटंबना करू शकतो. मात्र स्वतः काहीही निर्माण करू शकत नाही. दुष्टता ही चांगल्याची विकृती होय, ही ख्रिस्तसभेची प्राचीन शिकवण येथे कथारूप घेते.

अंतिम युद्धापूर्वी एअरेंडिल नावाचा नाविक सागर ओलांडून वालारांसमोर उभा राहतो. तो दोन्ही लोकांसाठी, एल्फ व मानव यांच्यासाठी, क्षमा व साहाय्य मागतो. त्याच्या याचनेमुळेच वालारांचे सैन्य निघते. मेल्कोर पराभूत होतो; पण एक विस्तीर्ण प्रदेश समुद्रात बुडतो आणि अंतःकरणांत पेरलेले दुष्टतेचे बीज उरते. सॉम पाहिलेल्या लेखकाला विजयाची किंमत ठाऊक होती.

१९२५ पासून १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते ऑक्सफर्ड येथे प्राध्यापक होते. त्यांचे ज्येष्ठ पुत्र जॉन धर्मगुरू झाले. पवित्र साक्रामेंतावर टोल्किन यांचे अपार प्रेम होते. मुलगा मायकल यास लिहिलेल्या पत्रातून त्यांनी ते व्यक्त केले. २ सप्टेंबर १९७३ रोजी ते निवर्तले. देवयुद्धांचा ग्रंथ अपूर्णच राहिला होता. पुत्र ख्रिस्तोफर यांनी तो संपादित करून १९७७ साली ‘द सिल्मरिलियन’ या नावाने प्रसिद्ध केला.

एका विधवा मातेने भाड्याच्या घरात मुलांना दिलेली श्रद्धा अशी जगभर पोहोचली. आपल्या घरी मुलांसोबत रोझरी करणाऱ्या प्रत्येक मातेला या जीवनातून बळ मिळो.