फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर



कर्नल सी. के. नायडू हे नाव इंदूरच्या होळकर संघामुळे आपल्या प्रांतात घरोघरी ठाऊक आहे. १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटीचे ते कर्णधार होते. पण त्यांच्याही कितीतरी आधी एका मराठी माणसाने डाव्या हाताच्या संथ फिरकीने इंग्रजांना चकित केले होते. ते बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७०च्या दशकात धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. वडील फौजेत नोकरीला होते. पुण्यात इंग्रजांच्या क्लबवर बाळूंना मैदानाच्या देखरेखीचे काम मिळाले. पगार महिना चार रुपये. गवत कापायचे, खेळपट्टी लाटायची, जाळी बांधायची. तिथे ग्रेग नावाचे नामांकित इंग्रज फलंदाज सरावाला येत आणि बाळू त्यांना तासन्‌तास चेंडू टाकत. बाद केले की ग्रेग साहेब आठ आणे देत, असे सांगतात. फलंदाजी करायला मात्र बाळूंना कोणी बोलावले नाही. बॅट साहेबांची, घाम नोकराचा!

पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचे होते, म्हणून मोठ्या वादानंतर बाळूंना संघात घेतले. मैदानात सर्वजण तोच चेंडू हातात घेत. पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ नाही आणि माणसाला आहे, हे गणित मला आजतागायत उलगडलेले नाही.

प्लेगच्या साथीच्या काळात कुटुंब मुंबईला गेले. तिथे बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले, त्या सामन्यात बाळूंचे आठ बळी होते. पुढे १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, तरी एकट्या बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठलेली होती, हे खेळाडू विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

एवढे असूनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. दरवर्षी दुसरेच नाव पुढे येई. १९२० साली त्यांचे धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी या अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली. मोठी चर्चा झाली. मग तडजोड म्हणून बाळूंना उपकर्णधार केले, आणि कर्णधार पै स्वतः काही वेळ मैदानाबाहेर गेले, एवढ्यासाठी की तेवढा वेळ तरी नेतृत्व बाळूंनी करावे. तेवढेच त्यांच्या वाट्याला आले. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांनी स्पर्धा जिंकून दाखवली.

नंतर बाळू सार्वजनिक कार्यात उतरले. १९३२च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या अवघ्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत.