नात्यागोत्याच्या संशोधिका : इरावतीबाई कर्वे

आपले पूर्वज कोण होते, हे जाणण्याची हौस मनुष्यमात्रास असते. पूर्वी त्यासाठी लोक भाटांच्या वह्या, तीर्थोपाध्यायांची बाडे आणि कुलवृत्तांत धुंडाळीत. अलीकडे काही जण आपल्या लाळेचा नमुना प्रयोगशाळेकडे धाडतात, आणि अमुक मनुष्याशी तुमच्या डीएनएचे इतके खंड जुळतात, असे उत्तर त्यांस येते. ते वाचावे कसे, हे मात्र पुष्कळांस कळत नाही. आपल्या देशात ते वाचण्यास जी विद्या लागते, तिचा पाया घालणाऱ्यांत इरावतीबाई कर्वे यांची गणना अग्रभागी करावी लागेल. अशी परीक्षा घरोघरी पोहोचण्याच्या कितीतरी आधी त्या निवर्तल्या. तरी विद्यार्थी मित्रांनी त्यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात मिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर हे तेथे अभियंता होते. त्या देशातील इरावती नदीवरून कन्येचे नाव ठेविले गेले. सातव्या वर्षी तिला पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत धाडले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी तिला दुसरे माहेरच लाभले. फर्ग्युसन महाविद्यालयातून 1926 साली त्या तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या आणि मुंबईस डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्यापाशी समाजशास्त्र शिकल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे, यांच्याशी त्यांचा विवाह झाला. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींना सुनेचे परदेशगमन रुचले नाही, हे वाचून आजही नवल वाटते. परंतु पतीचा पाठिंबा होता, आणि 1928 च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

तेथील प्रसंग थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे मानववंशशास्त्राचे मोठे पंडित. गोरा वंश बुद्धीने श्रेष्ठ, आणि ते श्रेष्ठत्व कवटीच्या दोन बाजूंच्या असमानतेत दिसावे, अशी त्यांची समजूत. ती तपासण्याचे काम या हिंदी विद्यार्थिनीकडे आले. इरावतीबाईंनी 149 कवट्यांची मोजमापे घेतली. असमानता सर्वच वंशांत आढळली. वंशाशी तिचा काही संबंध दिसेना. गुरूची मर्जी राखावी की मोजपट्टीची साक्ष मानावी? परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्यासमोर, त्यांनी जे मोजले तेच लिहिले. 1930 साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. फिशर यांच्या मतांचा पुढे नाझी राजवटीने कोणता उपयोग केला, हे इतिहासाच्या तासाला आपण शिकतोच.

स्वदेशी परतल्यावर काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठाचे कुलसचिवपद सांभाळले आणि 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करू लागल्या. मोजमापाची साधने बरोबर घेऊन त्या खेडोपाडी, रानावनांत हिंडल्या आणि निरनिराळ्या भाषांतील नात्यांचे शब्द त्यांनी गोळा केले. या श्रमांतून 1953 साली भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध झाला. उत्तरेकडे जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध; दक्षिणेत मामाची मुलगी हक्काची; आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर, हे त्यांनी साधार दाखविले. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणत, त्याचेही मूळ याच चालीत आहे.

या ज्ञानाचा आजच्या डीएनए-परीक्षेशी संबंध कसा, ते पाहू. जुळणारे खंड सेंटीमॉर्गन या मापाने मोजतात. आई किंवा बाप आणि मूल यांच्यात सुमारे साडेतीन हजार सेंटीमॉर्गन जुळतात. सख्ख्या काका-पुतण्यांत सरासरी त्याच्या निम्मे आणि सख्ख्या चुलतभावंडांत एक-चतुर्थांश. आता साटेलोट्याचे लग्न घ्या. रामाची बहीण गोविंदाला दिली आणि गोविंदाची बहीण रामाला केली. त्यांची मुले एकमेकांची मामेभावंडे तशीच आतेभावंडे. त्यांचे खंड साध्या चुलतभावंडांच्या दुप्पट, म्हणजे काका-पुतण्यांइतके जुळणार! नात्याची चाल ठाऊक नसलेला परका मनुष्य हा आकडा पाहून हटकून चुकीचा वंशवृक्ष मांडील.

आपल्या पडेगावाहून दौलताबादेच्या रस्त्याने पुढे गेले की वेरूळ लागते. तेथील मालोजीराजे भोसले यांची पत्नी फलटणच्या निंबाळकरांची कन्या. शिवाजीमहाराजांच्या पत्नी सईबाई त्याच घराण्यातील. आणि सईबाईंची लेक सखूबाई दिली तीही मामा बजाजी निंबाळकर यांच्या मुलाला, महादजीला. अशा घराण्यांच्या वंशजांत एकच पूर्वज दोन-तीन वाटांनी येऊन मिळतो. खंडांची बेरीज फुगते आणि नाते आहे त्याहून जवळचे भासते. म्हणून जाणते लोक केवळ बेरजेवर विसंबत नाहीत, एकेका खंडाची लांबी पाहतात. थोडे पण लांब खंड असले तर पूर्वज अलीकडचा. आखूड खंडांचा नुसता सडा पडला असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत झालेल्या लग्नांचा तो परिणाम असण्याचा संभव अधिक. सातांहून कमी सेंटीमॉर्गनचे खंड तर पुष्कळदा केवळ योगायोगाचे असतात.

जातीच्या प्रश्नावरही इरावतीबाईंनी गुरूंचा मुलाहिजा राखला नाही. एक मोठी जात फुटून पोटजाती झाल्या, हे घुर्ये यांचे मत. बाईंनी महाराष्ट्रातील कुंभारांचे निरनिराळे गट अभ्यासिले आणि धंदा व नाव एक असले तरी हे गट मुळातच वेगळे असावेत, असे प्रतिपादिले. 1968 साली कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. पुढे 2017 साली हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक गटांतील सामाईक खंड मोजले. त्यांपैकी 81 गटांत थोड्याच पूर्वजांपासून विस्तार आणि मग आपसांतच विवाह, अशी खूण ठळकपणे उमटलेली दिसली. अशा गटांत काही दुर्मीळ आनुवंशिक रोग वारंवार उद्भवतात. तेव्हा हा विषय केवळ हौसेचा नव्हे, वैद्यांच्याही उपयोगाचा आहे.

शास्त्राच्या जोडीला बाईंची मराठी लेखणीही समर्थ होती. महाभारतातील व्यक्तींवरील त्यांच्या ‘युगान्त’ या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुण्याच्या रस्त्यांवरून स्त्रिया क्वचितच वाहन हाकीत, त्या काळी त्या स्कूटर चालवीत. 11 ऑगस्ट 1970 रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.