शिरढोणचा बंदिवान

पनवेलहून पेणच्या वाटेस लागलें म्हणजे कर्नाळ्याच्या अलीकडेच शिरढोण गांव लागतें. ह्या गांवीं ता. ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांचें बंड सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचा जो भाग तुरुंगांत संपला, त्याकडे आमच्या वाचकांनीं आज लक्ष द्यावें, अशी आमची विनंति आहे.

वासुदेवरावांचे आजे कर्नाळ्याचे किल्लेदार होते. नातवाच्या वांट्यास मात्र पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरींतील कारकुनी आली. आई अत्यवस्थ असतां रजा वेळेवर मिळाली नाहीं आणि मायलेकांची अखेरची भेट अंतरली. पुढें १८७६-७७ चा दुष्काळ पडला. माणसें अन्नावांचून मरत आहेत, हें त्यांनीं गांवोगांव हिंडून पाहिलें. १८७९ च्या फेब्रुवारींत रामोश्यांस हाताशीं धरून त्यांनीं धामारीवर दरोडा घातला. दरोड्यानें स्वराज्य येत नाहीं, आणि लुटल्या गेलेल्यांचें दुःखही खोटें नव्हतें, हें आम्ही व्यापारी वाचकांपासून लपवूं इच्छित नाहीं.

ता. २० जुलै १८७९ रोजीं विजापूरकडील देवर नावदगी येथें ते पकडले गेले. अशा आरोपीचें वकीलपत्र घेण्यास छाती लागते. ती सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी व महादेव चिमणाजी आपटे यांनीं दाखविली. वासुदेवरावांची रोजनिशीच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली आणि नोव्हेंबरांत जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. एडनच्या तुरुंगांतून दार बिजागऱ्यांपासून उखडून ते एकदां निसटले. परंतु मुलूख परका, लवकरच पुन्हां सांपडले. ता. १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं त्याच कैदेंत त्यांचा अंत झाला. वय अवघें ३७ वर्षांचें होतें.

वासुदेवरावांचें नांव राहिलें. त्यांच्या रामोश्यांचें कोण घेतो? १८७१ च्या कायद्यानें जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. पुढें तो कायदा मुंबई इलाख्यासही लागू झाला आणि सोलापुरास तारेच्या कुंपणांत बायकापोरांसह कुटुंबें कोंडलीं गेलीं. १९५२ सालीं हा डाग कागदावरून पुसला. लोकांच्या मनांतून पुसला, असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं.

परकी सत्ता गेली, तुरुंग मात्र भरलेलेच आहेत. २०२२ अखेर देशांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकीं ४,३४,३०२ जणांचा गुन्हा शाबीतच झालेला नव्हता. म्हणजे चार कैद्यांत तिघे निकालाची वाट पाहणारे! परक्यांच्या राज्यांत उघड बंडखोरास अटकेपासून शिक्षेपर्यंत चार महिने लागले. तो न्याय होता असें नव्हे, परंतु निकाल तरी लागला. आज गरिबास जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाहीं, म्हणून तो आंतच राहतो. १ जुलै २०२४ पासूनच्या कायद्यानें प्रथमच आरोप आलेल्या कैद्यानें, फांशी वा जन्मठेपेचा गुन्हा नसल्यास, कमाल शिक्षेची एक तृतीयांश मुदत भोगली कीं त्यास जामिनावर सोडावें, असें ठरलें आहे. पण हें त्या निरक्षरास सांगणार कोण?

अलिबागेस आंग्र्यांच्या हिराकोटांतच तुरुंग आहे. पेठेंतील सद्गृहस्थांनीं ओळखीच्या मजुरास जामीन राहावें; वकिलांनीं वर्षांतून एक तरी वकीलपत्र फुकट घ्यावें. शिरढोणच्या पुतळ्यास हार घालणें सोपें आहे. काकांची छाती दाखविणें कठीण. वासुदेवरावांचें खरें स्मारक ह्या दुसऱ्या गोष्टींत आहे.