पारनेरचे सेनापती

स्मरणिकेसाठी आम्हाला एका संताचं चरित्र लिहायला सांगितलं होतं. आमचं शिक्षण चौथी. निळोबाराय आमच्या शिवेला लागून, पिंपळनेरला. त्यांच्यावर लिहिणारे आमच्यापेक्षा शहाणे लोक दिंडीत आहेत. म्हणून आम्ही आमच्याच तालुक्याचे सेनापती बापट घेतले. एकदोघं म्हणाले, महाराज, बाँबवाला माणूस दिंडीच्या पुस्तकात कशाला? त्यांनी पुढचं वाचावं आणि मग बोलावं.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म पारनेरला, १२ नोव्हेंबर १८८० रोजी. नाव पाहा, आपल्या देवाचंच. घर साधं, पण पोरगं हुशार. पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकले आणि १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून विलायतेत एडिंबरोला गेले, यंत्राची विद्या शिकायला. गप राहिले असते तर इंजिनेर होऊन गाडीघोडं उडवलं असतं. पण तिथं इंग्रजांच्याच देशात उभं राहून इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केलं. शिष्यवृत्ती बंद झाली. पुढं लंडनला इंडिया हाऊसमध्ये सावरकरांची गाठ पडली, आणि तिथून पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या घेतली. १९०८ साली ती विद्या कागदावर घेऊन हिंदुस्थानात परत आले. बंगालात अलीपूरचा खटला उभा राहिला, त्यात यांचं नाव निघालं. मग चार वर्षं अज्ञातवास. पांडवांना शेवटचं एकच वर्ष होता, यांना चार. १९१२ साली इंदूरला धरले, पण पुरावा पुरला नाही, सुटले आणि पारनेरला घरी आले.

आता खरी गोष्ट इथून पुढं आहे. विलायत पाहून आलेला, पोलिसांनी गाजवलेला माणूस गावात येऊन काय करतो? पहाटे उठून झाडू घेतो. रस्ते झाडतो, गटारं आणि शौचकूप साफ करतो. दलित वस्तीत जाऊन पोरांना शिकवतो, प्रवचन सांगतो. १९१४ साली मुलगा झाला, तर बारशाची पहिली पंगत दलित बांधवांची बसवली. त्या काळी जन्मानं ब्राह्मण असलेल्या माणसानं असं केलं म्हंजे काय, ते जुन्या लोकांना सांगायला नको. आपण वारीत एकमेकांच्या पाया पडतो, माउली म्हणतो, आणि गावी आल्यावर पंगतीत जागा पाहून बसतो. हे आम्ही स्वतःलाही धरून बोलतोय. मागच्या साली मुक्काम हलला तेव्हा पत्रावळ्या तशाच पडल्या होत्या. विणेकऱ्यापासून चोपदारापर्यंत सगळ्यांना घाई, झाडायला चारच बाया. त्या दिवशी आम्हीही वीणा खांद्यावर आहे म्हणून पुढं निघालो होतो.

१९२० साली मुंबईच्या झाडू कामगारांनी संप केला, तेव्हाही सेनापती त्यांच्या बाजूनं उभे होते. मात्र सेनापती हे नाव त्यांना मुळशीनं दिलं.

मुळशी पेटा म्हंजे पुण्याच्या पश्चिमेचं मावळ. शिवरायांच्या मावळ्यांचा मुलूख, भाताची खाचरं. तिथं नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीनं धरण बांधायला घेतलं, मुंबईला वीज द्यायला. पन्नासाच्या वर गावं जाणार होती. सरकारनं जमीन संपादनाचा कायदा कंपनीच्या हाती दिला. मोबदला ठरला खरा, पण बरीच जमीन कागदोपत्री सावकारांच्या नावावर, आणि कसणारा कूळ. पैसा कागदावाल्याच्या पदरात पडणार आणि कसणाऱ्याचं खाचर पाण्यात जाणार. ज्यानं कधी बांध घातला असंल त्यालाच हे कळंल. आमच्या पारनेरच्या माळाला पाणी नाही म्हणून आम्ही रडतो, आणि ते मावळे पाणी आलं म्हणून रडत होते.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या जागेवर गेले आणि जमिनीवर बसले. काम बंद पडलं. दहशत झाली, पण माणसं हटली नाहीत, बायकासुद्धा मागं राहिल्या नाहीत. सेनापती आणि विनायकराव भुस्कुटे हे पुढारी. शेकडो लोक तुरुंगात गेले, सेनापती पुन्हा पुन्हा गेले. पण सावकार मोबदल्याला राजी झाले, पुढाऱ्यांत फाटाफूट पडली. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात सेनापतींनी हत्यार हाती घेऊन धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. सात वर्षांची सक्तमजुरी झाली. धरण झालंच.

आता हत्यार घेतलं ते बरं की वाईट? आम्ही माळकरी, मुंगी मरंल म्हणून पाय जपून टाकणारे. गांधीजींना त्यांचा हा मार्ग मान्य नव्हता. सेनापतींचं म्हणणं असं होतं की आधी स्वतः मरायला तयार व्हावं, आणि अन्याय फारच झाला तर हत्यारही वर्ज्य नाही. याला ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. आम्हाला हे पुरतं पटत नाही. पण घरात बसून न पटणं सोपं आहे, हेही कळतं.

एक गोष्ट वारकऱ्यांनी ध्यानात घ्यावी. मुळा पुण्यात मुठेला मिळते, ती मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा म्हंजेच आपली चंद्रभागा. मुळशीचं जे पाणी धरणात अडलं ते सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याला वीजघरात जातं. पंढरीच्या वाटेचं पाणी उलटं फिरवलंय.

१९३१ साली सुटले, पुन्हा भाषणं केली, पुन्हा आत गेले. १९३७ साली बाहेर आले. पुढं सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचं काम केलं. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा यांच्या हातानं चढला. मध्येच अरविंदबाबूंचा दिव्य जीवन हा मोठा ग्रंथही मराठीत आणला.

स्वराज्य आल्यावर लोक पेन्शनीला लागले. सेनापती १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोऱ्यांबरोबर सत्याग्रही घेऊन गोव्यात शिरले, वय ७४. त्याच सालच्या नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला. इंग्रजांशी भांडले तसंच आपल्या सरकारशीही भांडले, खुर्चीवर कोण बसलाय ते पाहिलं नाही. आमच्या राळेगणला उपोषण काय असतं ते माहीत आहे, पण १९६६ साली ८५ वर्षांच्या या म्हाताऱ्यानं बेळगाव-कारवारच्या सीमाप्रश्नासाठी अन्न सोडलं, तेव्हा दिल्लीला महाजन आयोग नेमावा लागला. २८ नोव्हेंबर १९६७ ला देह ठेवला.

त्या आयोगानं बेळगाव काही दिलं नाही. प्रश्न अजून सुप्रीम कोर्टात पडून आहे. बेळगावकडच्या दिंड्या आषाढीला वाळवंटात भेटतात, आपलेच अभंग आपल्याच चालीत म्हणतात, आणि एकादशी झाली की सीमा ओलांडून घरी जातात.