पंडिता रमाबाई : दानाकडून अर्पणाकडे

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) कार्याचा विचार मराठीत प्रामुख्याने स्त्रीशिक्षण, समाजसुधारणा आणि धर्मांतर या तीन अंगांनी झाला आहे. या कार्यामागे असलेली उपासनेची बैठक मात्र त्यामानाने दुर्लक्षित राहिली. बालपणी पुण्यप्राप्तीचे साधन म्हणून पाहिलेले दान त्यांच्या जीवनात पुढे कृतज्ञतेचे अर्पण कसे झाले, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या चरित्राची संगती लागत नाही.

अनंतशास्त्री डोंगरे हे रमाबाईंचे वडील. पत्नीला संस्कृत शिकविणाऱ्या या विद्वानाने गंगामूळच्या रानात आश्रम थाटला. तेथेच रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब तीर्थाटनास निघाले. क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगावे, श्रोत्यांनी वाहिलेले स्वीकारावे आणि गाठीचे द्रव्य तीर्थविधी व ब्राह्मणदानात वेचावे, असा क्रम होता. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात हे सारे संपले. उपासमारीने वडील, पाठोपाठ आई व थोरली बहीण मरण पावली. ज्या दानाने परलोक साधावयाचा त्याच दानापायी घर रिते झाले, हा अनुभव घेऊन रमाबाई व बंधू श्रीनिवास १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे बंधूचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह आणि १८८२ मध्ये आलेले वैधव्य या घटना एकामागून एक घडल्या.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघाने लंडनमधील फुलहॅम येथे चालविलेला पतित स्त्रियांचा आश्रम त्यांनी पाहिला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा तेथे ईश्वरभक्ती म्हणून होत होती. योहानाच्या शुभवर्तमानातील शमरोनी स्त्रीच्या कथेचा अर्थही त्यांना याच संदर्भात उलगडला. देणाऱ्याचे पुण्य वाढविण्यासाठी घेणारा नसतो. आधी लाभलेल्या कृपेची पोच म्हणून देणे घडते, हा बदल येथे दिसतो. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचे उत्पन्न नियोजित शाळेच्या कामी लागले. बोस्टन येथील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या साहाय्याची हमी दिली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. १८९३ साली सदनातील मुलींच्या धर्मांतरावरून वाद पेटला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून दूर झाले. या वादाला केवळ सनातन्यांचा रोष म्हणून बाजूस सारता येत नाही. धर्मनिरपेक्ष शाळेच्या आश्वासनावर मिळालेला पैसा आणि उपासना म्हणून चाललेली सेवा यांतील ताण त्याच्या मुळाशी होता.

१८९६–९७ च्या दुष्काळात तो ताण वेगळ्या दिशेने सुटला. स्वतः भूक भोगलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा शारदासदनाच्या उत्पन्नासाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. १८९८ मध्ये बोस्टनची हमी संपली. जॉर्ज म्यूलर यांच्या चरित्राचा प्रभाव असलेल्या रमाबाईंनी यानंतर ईश्वरावरील भरवसा हाच आधार मानला. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मात्र हा भरवसा निष्क्रिय नव्हता. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे तेथे होत आणि आधी आलेल्या मुली नंतर येणाऱ्यांची शुश्रूषा करीत. घेणारीला देणारी होता येणे, हे या अर्पणाचे पारंपरिक दानापासूनचे खरे वेगळेपण होय.

मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने रमाबाईंचे अखेरचे अर्पण भाषेचे आहे. उतारवयाकडे झुकताना त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांनी हाती घेतले. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच त्याची जुळणी व छपाई केली. १९२१ साली कन्या मनोरमा निवर्तली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. मराठी चर्चमध्ये हे भाषांतर रूढ झाले नाही आणि वाङ्मयेतिहासातही त्याला फारशी जागा मिळाली नाही. पुराणकथनातून जगलेल्या संस्कृत पंडितेने अखेर आपले पांडित्यच साधेपणासाठी वेचले, ही गोष्ट मात्र त्यामुळे उणी ठरत नाही. पित्याने द्रव्य दिले ते पुण्यासाठी. कन्येने विद्या दिली ती ऋण फेडण्यासाठी. मुक्तिसदन आणि हे भाषांतर एकत्र ठेवून वाचले, तरच त्या देण्याचे मोल ध्यानात येते.