चाळीस वर्षांचे थडगे

मायकेलअँजेलो म्हटले की आपल्याला रोममधील सिस्टाईन चॅपेलचे छत आठवते, नाही तर फ्लॉरेन्सचा डेव्हिड. परंतु ज्या एका कामाने त्याला चाळीस वर्षे सुखाने झोपू दिले नाही, त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही. ते काम म्हणजे पोप दुसरा ज्यूलियस याचे थडगे! त्या थडग्याच्या बाजूने पाहू लागलो की या कलावंताचे चरित्र निराळेच दिसते.

त्याचा जन्म ६ मार्च १४७५ रोजी काप्रेझे या लहानशा गावी झाला. वडील लोदोव्हिको त्या वेळी तेथे सरकारी अंमलदार होते. घराणे जुने आणि मानी, पण पैशाच्या बाजूने उतरणीला लागलेले. तान्ह्या मुलाला सेत्तिन्यानो येथे एका दाईकडे ठेवले होते आणि तिच्या घरचा धंदा होता दगड घडविण्याचा. मूल सहा वर्षांचे असतानाच आई वारली. मुलाने व्याकरण शिकावे, चार प्रतिष्ठित लोकांत बसावे, अशी वडिलांची इच्छा. मुलगा मात्र चित्रे काढीत बसे. त्यासाठी त्याने वडिलांचा आणि चुलत्यांचा मारही खाल्ला. अखेर १४८८ मध्ये, तेराव्या वर्षी, तो गिर्लांदायो या चित्रकाराकडे उमेदवारीला लागला. तेथून तो लोरेन्झो मेदिचीच्या आश्रयाला गेला आणि त्याने छिन्नी हाती घेतली. वडिलांना हे फारच लागले. त्यांच्या लेखी शिल्पकार आणि पाथरवट यांत काहीच फरक नव्हता. पुढे याच पाथरवटाने वडिलांना आणि भावांना वर्षानुवर्षे पैसे पाठविले, जमिनी घेऊन दिल्या, भावांच्या दुकानासाठी भांडवल दिले. हाताने राबणाऱ्याला कमी लेखायचे आणि त्याच्याच मिळकतीवर घर चालवायचे, ही रीत काही एकट्या फ्लॉरेन्सची नव्हे.

चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी त्याने रोममध्ये 'पिएता' घडविली. त्यानंतर १५०१ ते १५०४ या काळात फ्लॉरेन्सला डेव्हिड तयार झाला. डेव्हिडसाठी मिळालेला संगमरवर आधीच्या शिल्पकारांनी हात लावून सोडून दिलेला होता आणि पंचवीस वर्षे उघड्यावर पडून होता. त्यातून त्याने १७ फुटांचा तरुण उभा केला. इतके यश पदरी असताना १५०५ मध्ये पोप ज्यूलियसने त्याला रोमला बोलाविले आणि स्वतःच्या थडग्याचे काम सांगितले.

आराखडा अवाढव्य होता. सेंट पीटरच्या चर्चमध्ये चारही बाजूंनी मोकळी उभी राहणारी, चाळिसाहून अधिक पुतळ्यांची ती वास्तू पाच वर्षांत पुरी व्हायची होती. मायकेलअँजेलो कारारा येथील खाणींवर गेला आणि आठ महिने डोंगरात राहून त्याने स्वतः दगड निवडले. ते जहाजांनी रोमला आले आणि चर्चजवळच्या चौकात संगमरवराचा ढीग लागला. पण तोवर पोपचे मन फिरले होते. जुने सेंट पीटर पाडून नवे बांधण्याची कल्पना पुढे आली आणि पैसा तिकडे वळला. दगडांचे भाडेसुद्धा थकलेले. मायकेलअँजेलो पैसे मागायला गेला तर त्याला दारावरूनच परत लावले. १७ एप्रिल १५०६ रोजी तो रोम सोडून निघून गेला. दुसऱ्याच दिवशी नव्या चर्चची पायाभरणी झाली!

पुढे समेट झाला, पण पोपने थडगे काही पुढे चालू केले नाही. आधी बोलोन्यात स्वतःचा ब्राँझचा प्रचंड पुतळा करवून घेतला. (१५११ मध्ये शहर पोपच्या हातून गेल्यावर तो वितळवून त्याची तोफ ओतली गेली.) नंतर १५०८ मध्ये सिस्टाईन चॅपेलचे छत रंगविण्याचा हुकूम झाला. आपण चित्रकार नव्हे, शिल्पकार आहोत, असे तो परोपरीने सांगत राहिला. छत सुमारे १३० फूट लांब आणि जमिनीपासून ६५ फुटांहून उंच. तो पाठीवर निजून रंगवीत असे, ही समजूत खरी नाही. परांचीवर उभे राहून, मान मागे टाकून तो काम करी आणि रंग तोंडावर ठिबकत. ओल्या गिलाव्यावर रंगवायचे, म्हणजे जेवढा गिलावा त्या दिवशी थापला तेवढा वाळण्यापूर्वी रंगवून झाला पाहिजे. सुरुवातीला तर बुरशी आली. तरी तीनशेहून अधिक आकृत्यांचे हे छत १५१२ मध्ये पुरे झाले. ज्या कामाने त्याला अमर केले, ते त्याच्या दृष्टीने थडग्याच्या वाटेतली आडकाठी होते.

१५१३ मध्ये ज्यूलियस वारला आणि त्याच्या वारसांशी नवा करार झाला. नंतर १५१६ मध्ये दुसरा, १५३२ मध्ये आणखी एक, १५४२ मध्ये शेवटचा. दर करारात थडगे लहान होत गेले. मधल्या पोपांची कामेही मागे होतीच. सान लोरेन्झो चर्चच्या दर्शनी भागासाठी त्याला खाणीत आणि रस्ते बांधण्यात वर्षे घालवावी लागली आणि १५२० मध्ये ते काम रद्दच झाले. साठी उलटल्यावर 'अंतिम न्याया'चे भित्तिचित्र अंगावर आले. इकडे वारस म्हणत होते की याने पैसे घेतले आणि काम केले नाही. या आरोपाने तो अक्षरशः पोळून निघाला. दोष सगळा पोपांचा होता असेही मला वाटत नाही. दुसऱ्याच्या हाताला काम द्यायला तो नाखूश असे आणि पेलणार नाही इतके अंगावर घेई.

१५४५ मध्ये थडगे उभे राहिले, पण सेंट पीटरमध्ये नव्हे, सान पिएत्रो इन व्हिंकोली या रोममधल्याच दुसऱ्या चर्चमध्ये, भिंतीला टेकून. आत पोपचा देह नाही. तो सेंट पीटरमध्येच आहे. चाळीस पुतळ्यांपैकी त्याच्या हातचे पुतळे तीन: राहेल, लेआ आणि मधोमध मोझेस. मोझेस बसलेला आहे, पण छायाचित्रातसुद्धा तो आता उठेल असे वाटते. लांब दाढीत बोटे गुंतलेली, एक पाय मागे घेतलेला. डोक्यावर दोन शिंगे आहेत. मूळ हिब्रू शब्दाच्या लॅटिन भाषांतरामुळे तेजाची शिंगे झाली, आणि ती दगडात उतरली.

याच थडग्यासाठी कोरायला घेतलेले सहा बंदी आता भलतीकडेच आहेत. दोन पॅरिसच्या लूव्हरमध्ये, आणि चार फ्लॉरेन्सच्या अकादमीत, डेव्हिडकडे जाणाऱ्या वाटेवर. त्या चौघांची कुठे मांडी सुटली आहे, कुठे छाती, बाकी देह दगडातच. त्यांच्या अंगावर छिन्नीचे ओरखडे स्पष्ट दिसतात. गुळगुळीत 'पिएता'पेक्षा मला हेच अधिक भावतात, कारण काम कसे होते ते यांच्याच अंगावर वाचता येते.

सत्तरी ओलांडल्यावर त्याच्याकडे सेंट पीटरचे बांधकाम आले. ज्या चर्चपायी त्याचे थडगे बुडाले होते, त्याच चर्चसाठी तो पुढची सतरा वर्षे वेतन न घेता राबला. घुमट त्याच्या मागून, १५९० मध्ये पुरा झाला. मरणाच्या काही दिवस आधीही तो एका 'पिएता'वर छिन्नी चालवीत होता. १८ फेब्रुवारी १५६४ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षाला काही दिवस उरले असताना, तो रोममध्ये वारला. पुतण्याने त्याचा देह मालाच्या गाठोड्यासारखा बांधून फ्लॉरेन्सला नेला. सांता क्रोचे चर्चमध्ये त्याचे स्वतःचे थडगे आहे. त्याची आखणी व्हासारीने केली. त्यावर चित्रकला, शिल्पकला आणि वास्तुकला अशा तीन स्त्रिया शोक करीत बसल्या आहेत. ते मात्र पंधरा वर्षांच्या आत पुरे झाले.