मिखाईल त्स्वेट: पानातले रंग सुटे करणारा माणूस

रशियन भाषेत ‘त्स्वेट’ म्हणजे रंग. आडनाव असं आणि काम आयुष्यभर रंगांचंच! मिखाईल त्स्वेट १८७२ मध्ये इटलीतल्या आस्ती गावात जन्मला. आई इटालियन, ती लगेचच गेली. वडील रशियन. पोरगा वाढला स्वित्झर्लंडमध्ये. १८९६ मध्ये जिनिव्हातून वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट घेऊन तो रशियात आला, तर तिथे ती डिग्री कोणी मानेना. मग १९०१ मध्ये कझानला पुन्हा पदवी मिळवली आणि पोटापाण्यासाठी वॉर्सा गाठलं.

त्याला प्रश्न पडला होता तो साधाच. पान हिरवं दिसतं, पण आत नेमके किती रंग आहेत?

काळ्या स्केचपेनचा ठिपका टिश्यूवर काढा आणि टिश्यूचं टोक पाण्यात बुडवा. पाणी वर चढतं आणि काळ्यातून निळा, गुलाबी असे रंग सुटे होतात. त्स्वेटची युक्ती याच तत्त्वावर चालायची, फक्त उभ्या नळीत. काचेच्या अरुंद नळीत त्याने कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खडूसारखी पांढरी पावडर ठासून भरली. वरून पानांचा अर्क ओतला आणि मागोमाग नुसता द्रावक सोडत राहिला. जो पदार्थ पावडरीला घट्ट चिकटतो तो मागे रेंगाळतो, ज्याला ती फारशी धरत नाही तो पुढे पळतो. पिवळा कॅरोटीन सर्वात आधी खाली. हिरव्याचेही दोन पट्टे निघाले, म्हणजे क्लोरोफिल एक नव्हे, दोन! पट्टे कापून घ्यायचे, रंग धुऊन काढायचे, झालं. १९०६ मध्ये त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी नाव दिलं.

एवढं सोपं, तरी कोणी घेतलं नाही. जर्मनीतला रिशार्ड विल्श्टेटर तेव्हा या विषयातला बडा माणूस. त्याच्या मते पावडरीत रंगद्रव्यं बिघडतात. चुकीची पावडर घेतली तर बिघडतातच! त्स्वेटने शंभरावर पावडरी तपासल्या होत्या त्या यासाठीच. पण तो वनस्पतिशास्त्रज्ञ, रसायनवाल्यांच्या गोटातला नव्हे. मला वाटतं, खरी अडचण तिथेच होती. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरचं १९१५ चं नोबेल विल्श्टेटरला मिळालं.

त्याच वर्षी महायुद्धामुळे त्स्वेटला वॉर्सा सोडावं लागलं. मग युर्येव, तिथूनही पळापळ, शेवटी वोरोनेझ. तिथे १९१९ मध्ये तो गेला, वय फक्त ४७.

पुढे १९३१ च्या सुमारास हायडेलबर्गमध्ये एडगर लेडरर या तरुणाने त्स्वेटची पद्धत वापरून कॅरोटीनसारखी द्रव्यं वेगळी केली. तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे उघडले. औषधी वनस्पतीत शेकडो पदार्थांची खिचडी असते, त्यातला कामाचा एक शोधायला ही नळी फार उपयोगी पडली. आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. कॅनडात तिच्या पानांचा अर्क ॲल्युमिना भरलेल्या नळीतून सोडून विनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध वेगळं केलं गेलं, १९५८ मध्ये. त्स्वेटला जाऊन तेव्हा ३९ वर्षं झाली होती.